मॅडमचं तोंड बघून दिवस ठरतो

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की छोट्या दवाखान्यात काम करणाऱ्यांना सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो. पगार, सुट्ट्या, पेशंटची अरेरावी असली उत्तरं येतील असं वाटलेलं, पण गठ्ठा निघाला तो बहुतेक दातांच्या दवाखान्यांमधला आणि त्यातही डॉक्टरांच्या मूडबद्दलचा. डॉक्टरांची पत्रं आहेत, असिस्टंटची आहेत, एका वडिलांचं पण आहे. नावं छापत नाही, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न: मी ३९ वर्षांची, जळगावात माझं स्वतःचं क्लिनिक आहे. रिसेप्शनला एक मुलगी आणि दोन असिस्टंट. पगार वेळेवर देते, दिवाळीला बोनस, आखाजीला माहेरी जायला सुट्टी, सगळं करते तरी मुली टिकत नाहीत. आत्ता सोडून गेलेल्या मुलीला फोन करून खोदून खोदून विचारलं तर ती म्हणाली, मॅडम खरं सांगू का, तुम्ही सकाळी आल्या की आम्ही आधी तुमचं तोंड बघायचो, मग ठरायचं आज दिवस कसा जाणार. मला फार लागलं ते. मी कुणाला शिव्या देत नाही, आवाज चढवत नाही. मान दुखते हे खरं आहे, जेवण चार वाजता होतं, नवीन खुर्ची आणि एक्स-रे मशीनचे हप्ते चालू आहेत, झोप नीट लागत नाही. पण हे माझं पर्सनल झालं ना, ते मी स्टाफवर कुठे काढते? (जळगाव)

उत्तर: ताई, आवाज चढवत नाही यावर तुमची फार भिस्त दिसते. पण मास्क लावला की तुमच्या चेहऱ्याचे डोळे आणि भुवया तेवढे उरतात आणि दीड-दोन फुटांवर लाळ ओढायची सक्शनची नळी धरून बसलेली पोरगी दिवसभर तेवढंच बघत असते. तिला ते वाचता येणारच, तेच तर तिचं काम आहे, तुम्ही हात पुढे केला की काय हवंय ते न सांगता ओळखायचं. तुम्हाला अ‍ॅडहेसिव्ह हवंय का कॉटन रोल हे जी डोळ्यांवरून ओळखते ती तुमचं काहीतरी बिनसलंय हे नाही का ओळखणार.

आता एक केस डोळ्यासमोर आणा, तुमच्याकडे आठवड्यात अशा कितीतरी येत असतील. यावल-रावेरकडचा केळीवाला पेशंट, गुटख्याने तोंड आवळलेलं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तोंडं आवळायची काही थांबलेली नाहीत, कारण सुपारी कुठे बंद झाली. धडधाकट माणसाच्या तोंडात उभी तीन बोटं जातात, याच्या तोंडात दीड जातंय आणि दुखतीय वरची शेवटची दाढ, तीच नेमकी त्याला वाचवायची आहे. आरसा धुकटतोय, दात कोरायचा हँडपीस आत शिरत नाही, तुम्ही आधी मान वाकवता मग कंबर वळवता मग श्वास धरून बसता. त्यात फाईल, म्हणजे दाताच्या मुळाची नळी साफ करायची बारीक सुई, मागितली आणि मुलीने पुढच्या नंबरची दिली. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त ती फाईल ट्रेमधे जरा जोरात टाकली आणि दुसरी स्वतः उचलली. तुमच्या दृष्टीने तुम्ही मानेवर चिडलात, दाढेवर चिडलात, चार वाजले तरी पोटात काही नाही म्हणून चिडलात. तिच्या दृष्टीने तुम्ही तिच्यावर चिडलात. तुमच्या मानेतली कळ तिला दिसत नाही, ट्रेचा आवाज मात्र ऐकू येतो.

हे नुसतं माझं मत आहे असं नाही. सिगल बार्साडे नावाच्या संशोधक बाईंनी २००२ साली एक प्रयोग छापला होता, विद्यार्थ्यांचे गट केले आणि प्रत्येक गटात एक शिकवून ठेवलेला माणूस बसवला, त्याने कुठे खुशीचा, कुठे वैतागाचा सूर लावायचा, आणि बाकीचे नकळत त्याच्या सुरात गेले. सूर चांगला होता तिथे खटके कमी उडाले, एकमेकांना धरून काम झालं. बरं तो माणूस गटातला एक साधा मेंबर होता, पगार देणारा नव्हता. तुम्ही तर मालकीण, तुमचं वजन किती पडत असेल.

पण मुली दुखावल्या जातात एवढ्यावर मी थांबणार नाही, कारण यातली खरी भीती वेगळी आहे. मालकाच्या मूडला घाबरणारा स्टाफ वाईट बातमी वर सांगत नाही. लॅबने क्राऊन, म्हणजे दातावर बसवायची टोपी, चुकीच्या शेडचा पाठवलाय हे मुलीला सकाळीच दिसलेलं असतं, पण मॅडमचं तोंड बघून ती म्हणते नंतर सांगू, आणि ते तुम्हाला कळतं पेशंट खुर्चीत आडवा झाल्यावर. पेशंटने फोनवर बीपीची गोळी चालू आहे असं सांगितलेलं असतं, ते तुमच्यापर्यंत येत नाही कारण तेव्हा तुम्ही कुणाशी तरी हप्त्यावरून बोलत होतात. एमी एडमंडसन या दुसऱ्या संशोधक बाईंनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या नर्सच्या टीम तपासल्या तेव्हा त्यांना उलटंच दिसलं, चांगल्या टीममधे औषधांच्या चुका जास्त नोंदल्या गेलेल्या. आधी कोडं पडलं, मग लक्षात आलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, तिथे लोक त्या बोलून दाखवत होते. तुमच्या क्लिनिकमधे मागचे काही महिने कुणी येऊन मॅडम माझ्याकडून हे चुकलं असं म्हटलंय का ते आठवून बघा. नसेल म्हटलं तर स्टाफ फार हुशार आहे असं समजून खूश होऊ नका.

आता करायचं काय. सगळे तुम्हाला प्राणायाम करा, सकाळी मेहरूण तलावावर फिरायला जा असं सांगतील, जा जरूर, पण मी तुम्हाला अपॉइंटमेंटची वही उघडायला सांगेन. तुमची तब्येत त्या वहीत बिघडलेली आहे. आपल्याकडे खेड्यावरचा पेशंट अपॉइंटमेंट घेऊन येत नाही, तो एस्टीने येतो आणि साडेपाचची गाडी गाठायची म्हणून आजच करा असा हट्ट धरतो, आणि आपण नाही म्हणत नाही कारण तो शेजारच्या डॉक्टरकडे जाईल. म्हणजे वहीत दहा नावं लिहायची आणि बघायचे सोळा. त्यापेक्षा रोज दुपारी एक तास आधीपासूनच कोरा सोडा, अचानक येणाऱ्यांसाठी. त्यात दुखणं थांबवायचं, औषध द्यायचं, पुढची तारीख द्यायची, आरसीटी, म्हणजे रूट कॅनल, सुरू करायची नाही. आवळलेल्या तोंडाची केस सकाळी पहिली किंवा दुसरी घ्या, जेवणाच्या आधीची शेवटची कधीच नाही, आणि दिवसाला अशी एकच. आणि जेवण दीड वाजता. वहीत पेशंटसारखं नाव टाकून, रिसेप्शनच्या मुलीला सांगून ठेवा की ही अपॉइंटमेंट मी स्वतः सांगितलं तरी हलवायची नाही. मॅडम जेवल्या नाहीत की मुली पण जेवत नाहीत हो, डबा उघडायची हिंमत होत नाही त्यांची.

मानेचं पुढे ढकलू नका. पेशंटचं तोंड तुमच्या कोपराच्या उंचीला यायला हवं, वरच्या दातांचं काम असेल तर खुर्ची पूर्ण आडवी करा आणि पेशंटला मान मागे टाकायला लावा, तुम्ही वाकू नका. लूप्स, म्हणजे डोळ्यांवर लावायची भिंगं, घेणार असाल तर भिंगाची ताकद नंतर बघा, आधी त्याचा खाली झुकलेला कोन बघा, कोन चुकीचा असला तर महागड्या लूप्स लावूनही मान तेवढीच वाकते. आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा, मुंग्या बोटांपर्यंत येत असतील तर या आठवड्यातच.

शेवटचं, स्टाफला सांगायला शिका. सकाळी सगळ्या उभ्या असताना एक वाक्य, आज माझी मान धरलीय, मी गप्प राहीन, तुमच्यावर राग नाही. हप्त्यांचं सांगायची गरज नाही, ते ऐकून पोरींना आपला पगार होईल का नाही याची धास्ती लागते. तेवढं एक वाक्य पुरतं. आणि ते रोज म्हणायची वेळ येत असेल तर मग वाक्य पुरणार नाही, परत वर जा आणि वहीचं वाचा.

प्रश्न: मी भुसावळला एका सरांकडे असिस्टंट आहे. सर मनाने चांगले आहेत, माझ्या भावाच्या अ‍ॅडमिशनला मदत केली होती. पण एखाद्या दिवशी फार तापलेले असतात, आमची मावशी म्हणते आज सरनं डोकं तपेल शे, मग आम्ही कामापुरतंच बोलतो. हातातलं सामान ट्रेमधे फेकतात. मागे एकदा ऑटोक्लेव्ह (वाफेवर सामान निर्जंतुक करायचं मशीन) चालू असताना लाईट गेली, परत आल्यावर मी मशीन तिथूनच पुढे चालू केलं, पाऊचवरच्या पट्टीचा रंग पूर्ण बदलला नव्हता. सरांना सांगितलं नाही, तो सेट वापरलाच नाही पण दोन दिवस लपवून ठेवला. मला हे बरोबर वाटत नाही. (भुसावळ)

उत्तर: ताई, सेट वापरला नाही हे फार चांगलं केलं. आधी मशीनचं सांगते. मधे लाईट गेली तर सायकल परत पहिल्यापासून चालवायची, राहिलेली मिनिटं पूर्ण करून भागत नाही, कारण वेळ मोजायची ती ठरलेलं तापमान आणि दाब गाठल्यावर, आणि लाईट गेली की ते दोन्ही खाली येतं. पाऊच एकावर एक कोंबू नका, वाफ फिरायला जागा लागते. बाहेरच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे पाऊचला उष्णता लागली एवढंच कळतं, आतलं सगळं निर्जंतुक झालं याची ती गॅरंटी नाही, त्यासाठी आत ठेवायचे इंडिकेटर आणि अधूनमधून करायची स्पोअर टेस्ट, म्हणजे चिवट जंतू खरंच मेले का ते बघणं, असते. हे सरांना माहीत असणार, तुम्ही विचारलंत तर त्यांना आवडेल.

आता सांगायचं कसं. पेशंट खुर्चीत असताना नाही आणि सर हात धुताना मागून तर नाहीच. दिवसाचं शेवटचं काम झाल्यावर, बसून, थेट सांगा: सर, लाईट गेली तेव्हा एक सेट नीट झाला नव्हता, मी बाजूला ठेवलाय, यापुढे असं झालं की मी लगेच तुम्हाला सांगणार आणि लाल चिकटपट्टी लावून ठेवणार, चालेल ना. हे ऐकून चिडणारा डॉक्टर विरळा, बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. आणि चिडलेच तर दुसऱ्या दिवशी थंड झाल्यावर स्वतःच विषय काढतील.

सामान फेकण्याचं मात्र मी मूडच्या खात्यात टाकणार नाही. ट्रेमधे सुया असतात, प्रोब असतात, फाईल्स असतात. उडून तुमच्या हाताला लागलं तर ज्या पेशंटचं रक्त त्यावर आहे त्याला काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. हे पण सांगा, सर, फेकलं की मला हाताला लागायची भीती वाटते, तुम्ही ट्रेमधे ठेवा मी उचलते. तुमची हिपॅटायटिस बी ची लस झाली आहे का? तीन डोस असतात, पहिला, मग एक महिन्याने, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. झाली नसेल तर सरांनाच म्हणा करून द्या. आणि कधी सुई टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, चोखू नका, आणि घाबरून लपवून ठेवू नका. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या जितक्या लवकर तितक्या चांगल्या, दोन तासांत मिळाल्या तर उत्तम, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग उरत नाही. त्या सरकारी दवाखान्यात मिळतात. म्हणून म्हटलं, ज्या क्लिनिकमधे बोलायची भीती वाटते तिथे हे ७२ तास असेच निघून जातात.

प्रश्न: मी धुळ्याला पस्तीस वर्षं दात काढले. आमना टाइमले आसं काहीच नही व्हतं, हे बर्नआऊट वगैरे. हल्लीच्या पोरांना काम नको आणि वर कौतुक हवं. तुम्ही असले विषय छापून त्यांना निमित्त देता. (धुळे)

उत्तर: नाना, होतं की. फक्त तेव्हा त्याला सर तापट आहेत पण हाताला गुण आहे असं म्हणायचे, आणि पेशंट बाहेर बाकावर बसून कंपाउंडरला हळूच विचारायचा आज कसे आहेत. तो कंपाउंडर जे उत्तर द्यायचा तेच आज आमच्याकडे पत्रातून येतंय.

बाकी निमित्त म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मधे आपल्या रोगांच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआऊटची नोंद घेतली, आजार म्हणून नाही बरं का, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून. तीन खुणा सांगितल्यात. अंगातली शक्ती संपल्यासारखी वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. यातली मधली खूण जरा नीट बघा, हल्लीच्या पोरांना काम नको हे वाक्य तिच्या बरंच जवळ बसतं. चेष्टा करतेय, राग मानू नका. तुमच्याकडे तयार झालेल्या लोकांना एकदा जेवायला बोलवा, भरीत-पुरीचा बेत करा आणि विचारा, ते सांगतील.

प्रश्न: माझा मुलगा बीडीएस झाला, दोन वर्षांपूर्वी शहाद्याला क्लिनिक टाकून दिलं, कर्ज माझ्या नावावर आहे. सहा महिने झाले तो घरी बोलत नाही, जेवत नाही, रात्री दोन-तीन पर्यंत जागा. क्लिनिकचा मुलगा सांगतो की डॉक्टर पेशंट गेला की आतून दार लावून बसतात, मग तो येणाऱ्या पेशंटला परस्पर उद्या या म्हणतो. परवा म्हणाला पप्पा माझ्यामुळे तुम्ही अडकलात, मी नसतो तर बरं झालं असतं. मी काय करू? (नंदुरबार जिल्हा)

उत्तर: काका, या प्रश्नाला बाकीच्यांसारखं उत्तर देणार नाही. अंक छापायची वाट न बघता आम्ही तुम्हाला फोन केला, इथे छापतोय ते दुसऱ्या घरांसाठी.

मी नसतो तर बरं झालं असतं हे वाक्य हलकं घ्यायचं नसतं. असं उगीच बोलू नकोस म्हणून विषय बंद करू नका. सरळ विचारा, बाळा, तुझ्या मनात जीवाचं काही करायचं येतंय का. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही, उलट सांगायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. क्लिनिक त्याचं आहे म्हणजे भूल द्यायचं इंजेक्शन, गोळ्या, धारदार सामान सगळं त्याच्या हाताशी आहे, म्हणून काही दिवस किल्ली तुमच्याकडे ठेवा, त्याला सांगूनच ठेवा. १४४१६ हा टेली-मानसचा फोन सरकारने २०२२ मधे सुरू केलाय, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. तो नाही म्हणत असेल तर आधी तुम्ही लावा. आणि मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, जिल्हा रुग्णालयात सोय असते, गावात दिसायला नको वाटत असेल तर धुळ्याला किंवा नाशिकला न्या पण न्या. जीवाला धोका वाटला तर तारखेची वाट न बघता तसंच इमर्जन्सीला.

क्लिनिक काही दिवस बंद राहिलं तर काही बिघडत नाही. चालू केसेस असतील, अर्धवट आरसीटी असतील, त्याच्या बॅचमधला कुणी आठवड्यातून दोन दिवस येऊन त्या पूर्ण करू शकतो, डॉक्टर मंडळी एकमेकांसाठी हे करतात. कर्जाचं बँकेत जाऊन तुम्ही बोला, हप्त्याची मुदत वाढवता येते का ते विचारा, आणि त्याला त्या बोलण्यात ओढू नका. त्या क्लिनिकच्या मुलाला जवळ घेऊन थँक्यू म्हणा. तो पेशंटना परस्पर परत पाठवतोय कारण त्याला डॉक्टरांना झाकायचंय, पण झाकून झाकून शेवटी कुणाला तरी सांगितलं त्याने, तुम्हाला. त्याचा पगार थांबवू नका.

प्रश्न: आमचं चाळीसगावला चार खुर्च्यांचं क्लिनिक आहे, तीन डॉक्टर, सहा स्टाफ. सगळे कंटाळलेत, रोज काहीतरी कुरबूर. स्टाफचा मूड सुधारायला एक मोटिव्हेशनल स्पीकर आणि दर शनिवारी योगा असं ठरवतोय. स्पीकरची फी बरीच आहे. फायदा होईल का? (चाळीसगाव)

उत्तर: शनिवारी दुपारी हॉलमधे चहा-समोसे होतील, टाळ्या पडतील, सोमवारी पहिल्या पेशंटला कुरबूर परत सुरू. स्पीकरला बोलवू नका. योगा करा, पण ड्युटीच्या वेळेत करा, सुट्टीनंतर थांबवून ठेवून केला तर तो सुद्धा कुरबुरीतच जमा होईल.

त्या फीमधे काय काय येतं बघा. तुमच्या असिस्टंट उभ्याने सक्शन धरतात का बसून? बसून धरत असतील तर त्यांचं स्टूल डॉक्टरच्या स्टूलपेक्षा चार-सहा इंच उंच आणि पाय टेकायला गोल कडी असलेलं लागतं, नाहीतर त्यांना तोंडात दिसत नाही आणि त्या दिवसभर तिरक्या होऊन बसतात. चार खुर्च्यांना चार स्टूल घ्या. तिघे डॉक्टर आळीपाळीने जेवता का एकदम? आळीपाळीने जेवत असाल तर स्टाफला मधे कधीच सुट्टी मिळत नाही हे तुमच्या लक्षात आलंय का, एक डॉक्टर उठला की दुसरा बसतो, मुली तिथेच. एक ते दीड सगळंच बंद ठेवा, दारावर पाटी लावा. तुमच्या तिघांमधे जर काही धुसफूस असेल, टक्केवारीवरून म्हणा किंवा कुणाचे पेशंट कुणी पळवले यावरून म्हणा, तर ती आधी बाहेर कुठेतरी बसून मिटवा, सहा जणांना तीन मालकांचे तीन मूड सांभाळायला लागतायत आणि कुणाचं ऐकायचं हा रोजचा प्रश्न.

आणि जिथे ऑटोक्लेव्ह ठेवलंय त्या खोलीत एक्झॉस्ट फॅन आहे का? मे महिन्यात बाहेर ४४-४५ असताना दुपारी दोन वाजता तिघांनी आळीपाळीने तिथे उभं राहून सामान पॅक करून बघा. फॅन दुसऱ्या दिवशी बसेल.